कानातला कापूस

गुरुवार, २५ जानेवारी २०२४

साडेअकराला हान्काच्या दुकानात. बारा वाजले की कचेऱ्यांतली माणसं जेवायला येतात आणि मग रेडिएटरजवळचं टेबल मिळत नाही. पूर्वी इथं बटणं आणि लोकर मिळायची. चाळीस वर्षं मी इथूनच लोकर घेतली. आता तांदळाच्या शेवयांचं व्हिएतनामी सूप मिळतं आणि आत पाऊल टाकल्याबरोबर चष्म्याच्या काचा वाफेने भरतात.

आज नवीन सूप होतं. डुकराच्या धुरावलेल्या हाडांचा रस्सा, आंबवलेला कोबी, थोडं शहाजिरं, आणि खाली नेहमीच्या शेवया. हान्काची ही खोडच आहे. तिकडचं आणि आमचं एका भांड्यात घालायचं आणि लोकांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं.

समोर ओतो बसले होते. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात, जन्मभर ट्राम चालवली, आता गुरुवारी माझ्यासमोर बसून आवाज करत सूप पितात.

"हे काय आहे? कोबीच्या सुपात शेवया पडल्या, की शेवयांच्या सुपात कोबी पडला?"

"खाऊन तर बघा," हान्का म्हणाली.

"खातोच आहे. पाव कुठाय?"

आमच्या ब्रनो शहरातल्या माणसाला कुठल्याही सुपाबरोबर पाव लागतो. हान्का फक्त ओतोंसाठी गल्ल्याखाली चार पाव ठेवते. ते तिने काढून दिले आणि माझ्या शेजारी बसली. दुपारच्या आधी ती कधी बसत नाही.

"बाबी," ती म्हणाली. आजीला ती लहानपणापासून बाबी म्हणते, आणि तिची आजी म्हणजे मी. "मे महिन्यात."

"मेमध्ये काय?"

तिने एप्रनवर हात ठेवला. माझ्या हातातला चमचा सुपात बुडाला.

"संपलं," ओतो म्हणाले. "आता हे टेबल जाणार. इथं पाळणा येणार."

"पाळणा माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

आहेच. घरी आल्यावर ओतोंना तळघरात नेऊन तो वर आणवला. पांढरा, लाकडी. हान्का चार वर्षांची होईपर्यंत त्यात झोपली. शेवटी शेवटी पाय गजांतून बाहेर यायचे.

तिने अजून विचारलेलं नाही. पण विचारायचं काय त्यात? दुकान अकरा ते आठ. ती आणि तिचा नवरा राडेक दोघंही तिथंच. मूल दुसरं कोण सांभाळणार? चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण गुडघे अजून माझं ऐकतात.


शनिवार, २७ जानेवारी

पाळण्याला रंग दिला. रंग वाळेपर्यंत जुन्या गोष्टी आठवत बसले.

त्या काळी आमच्या भागात अशा दहा-बारा आज्या तरी होत्या. व्हिएतनामी माणसं पहाटे चारला बाजारात टपरी उघडायची आणि अंधार पडल्यावर बंद करायची. त्यांची मुलं आमच्यासारख्या बायकांकडे वाढली. बालवाडीच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी नुकतीच गेली होती. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. मार्च ब्याण्णवमध्ये लिएन दारात उभी राहिली, काखेत गाठोड्यासारखं एक वर्षाचं मूल. नाव सांगितलं. मी तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा लिएनने मान हलवली. चौथ्यांदा मी म्हटलं, हान्का. तेव्हापासून ती हान्का.

सोमवार ते शनिवार माझ्याकडे, रविवारी आईकडे. लिएन रविवारी सकाळी तिला न्यायला यायची ती केळ्यांची अख्खी फणी घेऊन. दर रविवारी, न चुकता. आणि हान्का जिना उतरताना रडायची. मी खिडकीत उभी राहायचे. ते रडणं मला आवडत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.


गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज मनाला लागलं.

नवीन सूप आलं. आंबट, वर भरपूर शेपू. पहिल्या घोटालाच ओळखलं. माझी कुलायडा! बटाटा, अळिंबी, आंबट साय आणि मूठभर शेपू. शनिवारी मी हेच सूप करायचे आणि हान्का ताटली चाटायची. इथं तिने बटाट्याच्या जागी मासा घातलाय आणि सायीच्या जागी टोमॅटो, एवढंच.

"हे माझं आहे," मी ओतोंना म्हटलं.

"मासा तरी तुमचा नव्हता."

"शेपू माझा आहे."

हान्का आली तेव्हा मी म्हटलं, "कुलायडा छान जमलीय गं."

ती म्हणाली, "हे आईनं शिकवलंय, बाबी. तिच्या आईचं सूप आहे. तिकडे हनोईजवळ असंच करतात."

शेपू! शेपू हा थंडीतला पाला. माझ्या बागेच्या तुकड्यात मी तो दरवर्षी लावते, मला सांगू नका. तिकडच्या त्या उकाड्यात, केळीच्या झाडांत, शेपू कुठून उगवणार? पोरीने आयुष्यात पहिला शेपू माझ्या स्वयंपाकघरात खाल्ला. आजही ती देठ वेगळे आणि पानं वेगळी चिरते, तेही मीच शिकवलेलं. आणि श्रेय त्या बाईला, जिने या मुलीला एक वाटी सूप स्वतःच्या हाताने करून घातल्याचं मला आठवत नाही.

नाही, घातलं असेल. रविवारी डबा देऊन पाठवायची. त्यांच्या त्या माशाच्या पाण्याचा वास यायचा. मी हान्काला शिकवलं होतं, नाही म्हणायचं नाही, पोट भरलंय म्हणायचं. मुलं शहाणी असतात. दोन महिन्यांत डबा यायचा बंद झाला.

सूप अर्धं टाकलं. ओतोंनी ते पावाबरोबर संपवलं.

निघाले तेव्हा हान्का आजच्या सुपाचं नाव लिहिलेला फळा बाहेर मांडत होती. वारा होता, म्हणून कानांवर रुमाल बांधला होता. ती सवय मात्र माझी आहे, हे तिला नाकारता यायचं नाही.


मंगळवार, २७ फेब्रुवारी

पाळण्याची गादी आणली. हान्काला फोन केला. मूल शनिवारीही माझ्याकडे असणार का? तसं असेल तर शनिवारची भाजी शुक्रवारीच आणत जाईन.

"बोलू, बाबी. समोरासमोर बोलू."


गुरुवार, ७ मार्च

समोरासमोर बोलली.

दुकानात शिरले तर गल्ल्यामागे लिएन. एप्रन बांधून कांदा चिरत होती. मला बघून मान लववली, नेहमीसारखी. बत्तीस वर्षांत ही बाई माझ्याशी शंभर वाक्यं बोलली असेल तर खूप.

"टपरी सोडली आईनं," हान्का म्हणाली. "कायमची. आमच्याकडे राहायला येतेय. बाळाला ती सांभाळणार."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"कोण सांभाळणार?"

"आई."

"ती?" माझा आवाज चढला, हे मला मागाहून कळलं. "तिला काय येतं? तिनं कधी मूल सांभाळलंय?"

दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. लिएनची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"नेमकं तेच, बाबी," हान्का हळू आवाजात म्हणाली. "म्हणूनच."

म्हणूनच म्हणजे काय, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी कोट घातला. माझ्या पाळण्याला दोनदा रंग दिलाय. गादी आणलीय. मला आधी सांगायला काय झालं होतं? जिला मी बोलायला शिकवलं ती मला एक शब्द बोलली नाही, महिनाभर.

दारापर्यंत ती माझ्यामागे आली. "तू येत जा ना. रोज ये. आणि बाळ जरा मोठं झालं की आई त्याला घेऊन गावी जाऊन येईल. तिला फार वाटतं गं. मला तर जाता येत नाही, माझे कान हे असे..."

तिने सहज म्हटलं. दिवस ढगाळ आहे म्हणावं तसं.

ओतो पाव हातात धरून तसेच बसून राहिले होते.


शुक्रवार, ८ मार्च

महिला दिन. राडेक सकाळी दोन कार्नेशनची फुलं देऊन गेला, एक हान्काकडून, एक लिएनकडून. टेबलावर तशीच ठेवली. दुपारी पाण्यात ठेवली. फुलांचा काय दोष.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकते.

हान्काच्या कानांना काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात, ती सात वर्षांची असताना, लिएन म्हणाली की तिला वर्षभर तिकडे आजीकडे पाठवायचं आहे. भाषा शिकली पाहिजे. "ती मला समजत नाही. मी तिला समजत नाही," असं म्हणाली, तोडक्यामोडक्या बोलीत. तिकीट काढून झालं होतं. मला वाटलं, गेली तर परत येणार नाही. त्या हिवाळ्यात पोरीचा कान एकदा ठणकला होता. भाजलेला कांदा बांधला, दोन दिवसांत उतरला. मी लिएनला सांगितलं, डॉक्टर म्हणतात कान कमजोर आहेत, विमानात बसली तर पडदा फाटेल.

"डॉक्टर म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात."

तिने मान डोलावली. तिकीट परत केलं. मी त्या दिवशी केक केला होता, हेही आठवतंय.

पुढच्या वर्षी ती तिकडची आजी गेली. मला ते बऱ्याच उशिरा हान्काकडून कळलं.

एकदा सांगितल्यावर ते निभावणं आलं. कानात कापूस, डोक्याला टोपी, पोहायला जायचं नाही. शाळेची सहल विमानाने गेली, ही बसने वीस तास. बाविसाव्या वर्षी तिने स्वतःच्या कमाईचं तिकीट काढलं, व्हिएन्नाच्या विमानतळावर गेली आणि दारातून परत आली. घाबरली. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. मी तिला मध घालून गरम दूध दिलं. तेव्हा सांगता आलं असतं.

सांगितलं असतं तर ती गेली असती.

एक खोटं बोलले मी. बाकी चौदा वर्षं खरं केलं. ताप, गोवर, पाढे, बुटांच्या नाड्या. ते कुठे गेलं सगळं? त्याचं काहीच मोल नाही?


गुरुवार, २१ मार्च

गेल्या गुरुवारी गेले नाही. आजही नाही.

ओतो वर आले. "हान्का विचारत होती. रेडिएटरजवळच्या टेबलावर पाटी लावलीय, राखीव म्हणून."

"माझ्यासाठी नसेल."

"नाही, पंतप्रधान येणार आहेत कोबीचं सूप प्यायला."

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका."

"मी पावाची बाजू घेतो," ओतो म्हणाले. "पण एकट्यानं खाताना मजा येत नाही, बाई."


सोमवार, २९ एप्रिल

काल मुलगी झाली. राडेकचा फोन. दोघी सुखरूप.

खिडकीशी जाऊन उभी राहिले. का ते माहीत नाही. खाली कोणी नव्हतं.


शुक्रवार, ३ मे

हा अपमान मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हान्का काल घरी आली. मी अख्खी कोंबडी उकळून सूप केलं, त्यात कलेजीचे गोळे. बरणी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या घरी गेले. दोन गल्ल्या, तीन जिने. दार लिएनने उघडलं, वीतभर.

"महिना झाल्यावर, यारमिलाबाई."

"कसला महिना?"

"एक महिना. मग या. मग खूप या."

"मी हान्काला भेटायला आलेय."

"हो. महिना झाल्यावर." हात बाहेर काढून तिने बरणी मात्र घेतली. आतून डुकराचे खूर उकळल्याचा वास येत होता. बाळंतिणीला खूर! मग दार लागलं. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा आत घेतात.

खाली येऊन वर बघितलं. मे महिना, बाहेर लोक बिनबाह्यांचे कपडे घालून हिंडतायत आणि यांच्या खिडक्या बंद. काचेमागे हान्का उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, पायापर्यंत गाऊन, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. पांढरेशुभ्र, रस्त्यावरून दिसतील एवढे.

तिने हात हलवला. मला हात उचलता आला नाही.


शनिवार, ४ मे

दोनच शक्यता आहेत. एक, बाळंतपणात तिचे कान खरोखर बिघडले. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी मी बोलले ते आता खरं झालं. दुसरी, लिएनला कळलंय. आणि मला दिसावं म्हणून तिने कापूस घातला. तो बोळा हान्काच्या कानात आहे पण घातलाय मला.

ओतोंना विचारलं, मे महिन्यात एखाद्या बाईने कानात कापूस का घालावा?

"बायकांचं मला काय विचारता? मी ट्राम चालवायचो."


गुरुवार, १६ मे

हान्काचा फोन.

"बाबी, तुझं सूप मी एकटीनं संपवलं. आईनं त्यात आलं घातलं, पण संपवलं."

"कान कसे आहेत?" मी एवढंच विचारलं.

"कान? बरे आहेत की. कापूस दिसला का तुला? आईनं घातलाय. घालू दे म्हटलं. तिला काहीतरी करायचं असतं सारखं. केससुद्धा धुवू देत नाही, अडीच आठवडे झाले. राडेक म्हणतो, खानावळीच्या पंख्यासारखा वास येतो तुला." हसली. मग म्हणाली, "सकाळी पायांना आल्याचं तेल चोळते. चोळताना बोलत असते. तिच्या लहानपणचं काहीबाही. अर्धं मला कळत नाही."

"मग?"

"मग काय. ऐकते."

"कानात कापूस घालून?"

"हो. तरी ऐकते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिडलेलीच होते. मी पाय चोळले नसते का? मला कोणी विचारलं?


मंगळवार, २८ मे

महिना झाला. दुकानात जेवण होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं. ओतो टाय लावून दारात उभे राहिले, मग गेले.

रेडिएटरजवळच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. हान्काच्या अक्षरात, फक्त "बाबी". तिने मला मिठी मारली. केस धुतलेले, कानात काही नाही. बारीक झालीय, पण डोळे छान दिसतात.

मधल्या टेबलावर गोड भाताच्या बारा लहान वाट्या आणि एक मोठी. त्या कोणासाठी, असं विचारलं तर लिएन म्हणाली, "बारा दाया. वरच्या. बाळ त्यांनी घडवलं. मोठी वाटी मोठ्या दाईची." वर फळीवर उदबत्त्या आणि एका म्हातारीचा फोटो. त्याच्याशेजारी अजून एक फोटो होता, मी जवळ जाऊन बघितला. तरुण लिएन त्याच म्हातारीच्या फोटोसमोर उभी, कपाळाला पांढऱ्या कापडाची पट्टी.

"हा कधीचा?"

"आजी गेली तेव्हाचा," हान्का म्हणाली. "आईला जाता नाही आलं ना. इथंच केलं सगळं."

मग लिएनने बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं नाक, हान्काचंच. मी म्हटलं, "अगं किती गोड आहे ही! किती सुंदर!"

"नाही, नाही!" लिएन घाईघाईने हात हलवत म्हणाली. "कुरूप. फार कुरूप. माकड." आणि बाळाच्या पायाला हळूच हात लावला.

मी थक्क झाले. स्वतःची नात! राडेक सांगतो, घरी तिला कुत्र्याचं पिल्लू म्हणतात. अशा बाईच्या हाती मूल दिलंय.

जेवणानंतर वाट्या धुवायला आत गेले. बसून राहणं मला जमत नाही. लिएन पुसायला आली. नळ चालू होता.

"यारमिलाबाई. मी डॉक्टरकडे गेले होते."

"बरं नाही का?"

"आता नाही. तेव्हा. ती सात वर्षांची. बाजारात शेजारीण होती, तिला भाषा येते. तिला घेऊन गेले. डॉक्टरबाई म्हणाली, कान चांगले. फार चांगले."

माझ्या हातात मोठी वाटी होती. मी ती धूतच राहिले.

"मग पाठवलं का नाहीत?"

"पाठवलं तर तुम्ही रागावणार. तुम्ही रागावलात, तर मुलगी कुठे? मी चार वाजता बाजारात. बर्फात. मुलगी कुठे?"

"पंचवीस वर्षं तुम्ही..."

"सव्वीस."

"तिला सांगितलंत?"

"नाही." तिने माझ्या हातातली वाटी घेतली आणि पुसली. "ती रडली की तुमच्याकडे जाते. लहानपणापासून. ते मी मोडलं असतं, तर माझ्याकडे आली असती? आली नसती. कुठेच गेली नसती."

बाहेर ओतो काहीतरी बोलले आणि सगळे हसले.

"मी सांगणार नाही," लिएन म्हणाली. "ते तुमचं. तुम्ही सांगा."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर ती विमानात बसणार नाही. माझी आई वाट बघत गेली. मी पण म्हातारी. मला मुलीला घेऊन जायचं. एकदाच." तिने नळ बंद केला. "पाणी फार जातं."

निघताना तिने माझ्या हातात पिशवी दिली. घरी येऊन बघितली. केळी.


बुधवार, २९ मे

फसवलं मला.

दुसरा शब्द नाही. सव्वीस वर्षं तिला माहीत होतं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीवर बसून ती माझी कॉफी प्यायची आणि तिला माहीत होतं. मी पोरीच्या कानात कापूस घालताना ती समोर उभी असायची आणि तिला माहीत होतं. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं होती, सगळी तयार होती. केळ्यांना काय उत्तर देतात? मी ती आभाराची समजून खाल्ली. अख्खी फणी, दर आठवड्याला.

कपाटातून नव्व्याण्णव सालची वही काढली. फेब्रुवारी, रविवार. माझंच अक्षर: "लिएनचं डोकं दुखत असावं. कपाळाला पांढरी पट्टी बांधून आली होती. गोळी दिली. मुकाट्यानं घेतली. हान्का आज जाताना फार रडली."

ती पट्टी डोकेदुखीची नव्हती.

आणि मी तिला पाण्याचा पेला दिला, आणि ती गोळी तिने गिळली.


रविवार, २ जून

राडेक आणि ओतो पाळणा घेऊन गेले. जिन्यात ओतो ओरडत होते, डावीकडे घे, डावीकडे, ट्राम नाहीये हा, वळतो.

सांगितल्यानंतर दिला असता तर माफी मागण्यासाठी दिल्यासारखं झालं असतं. म्हणून आधी दिला.

सांगणार आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही. ठरलेलं नाही असं लिहितेय.

सांगितलं तर गुरुवारचं टेबल जाईल. टेबलाचं काही नाही. बाबी म्हणणारी जाईल. ती जगात एकच आहे.


गुरुवार, ६ जून

साडेअकरा. रेडिएटर बंद आहे, पण टेबल तेच.

शेपूचं सूप मागितलं. ओतोंनी माझ्याकडे बघितलं. सगळं संपवलं, तळापर्यंत. चिंच आहे त्यात. हळदसुद्धा. मासा आधी तळून घेतलाय. कुलायडाशी काही संबंध नाही. हे सूप माझं नाही. फेब्रुवारीतच जीभ सांगत होती, मी ऐकलं नाही.

घरी लिएन बाळाला घेऊन असेल. हान्का आता दुपारचे दोन तास दुकानात येते. फळा बाहेर ठेवायला गेली, वारा होता, तर आधी कानांवर रुमाल बांधला. जूनमध्ये. तेहतीस वर्षांची बाई. पुन्हा आत आली.

"अजून वाढू, बाबी?"

"नको. ओतो, तुमचा पाव घ्या आणि त्या टेबलावर जाऊन बसा."

"का? मी काय केलं?"

"काही नाही. जा."

ते गेले. आयुष्यात पहिल्यांदा उलट न बोलता.

"काय झालं?" हान्का म्हणाली. "बाराला दहाच मिनिटं आहेत. गिऱ्हाइकं येतील."

"येऊ देत. बस."

ती बसली. अगदी तशी, जशी स्वयंपाकघरात बसायची, एक पाय खुर्चीवर दुमडून. मी चमचा वाटीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तिने माझा हात धरला. तिला वाटलं, मला बरं नाहीये.

"आधी तो रुमाल काढ," मी म्हटलं. "तुझ्या कानांबद्दल सांगायचंय."